चर्चच्या वहीत दोन एवारिस्तो

सव्वीस नाकातामाल करायचे होते, त्यांतले बारा बांधून झाले होते. मक्याच्या पिठाची परात निम्म्यावर आली होती, डुकराचं मटण मसाल्यात मुरत होतं, शेकलेली केळीची पानं एकावर एक रचलेली होती आणि बांधायची दोरी मी दातांत धरली होती. तेवढ्यात माझा धाकटा भाऊ एवारिस्तो मागच्या दारानं आत आला. शनिवारी दुपारी तो बेसबॉलच्या मैदानावर असायचा. अशा वेळी घरी आला म्हणजे एक तर खांदा दुखावला, नाहीतर कुणाशी तरी वाजलं.

"ताई, आई झोपलीय?"

"आई आणि दुपारची झोपणार? अंगणात झुलत्या खुर्चीत बसून जपमाळ चाललीय. का रे?"

"काही नाही. सहज."

हा 'सहज' म्हणाला की समजायचं, काहीतरी मोठं आहे. त्यानं हात धुतले, एक पान ओढलं, पिठाचा गोळा, मटण, तांदूळ, टोमॅटोची चकती, पुदिन्याचं पान असं सगळं जिथल्या तिथं मांडलं आणि पुडी बांधली. पुडी बांधण्यात त्याचा हात धरणारं आमच्या गल्लीत कुणी नाही. वीस वर्षं चेंडूच्या शिवणीवर बोटं ठेवून त्यांना अशी काही अक्कल आलीय, की चार तास उकळलं तरी त्याची पुडी सुटत नाही.

"ओक्तावियो काय म्हणाला?" ओक्तावियो म्हणजे संघाचा मॅनेजर.

"म्हणाला, अभिनंदन. येत्या सव्वीस ऑक्टोबरला तू चाळीसचा होतोस."

"मग?"

"मग क्लबचा नवा नियम. चाळिशी पुरी झालेल्या पिचरशी करार नाही. म्हणाला, एवारिस्तो, तुझा हात मला हवाय, पण तुझा कागद नडतोय."

मी दातांतली दोरी काढली. "अरे, पण तू छत्तीसचा आहेस!"

"हळू बोल ना गं." त्यानं डोळ्यांनी अंगणाकडे खूण केली. "आणखी एक सीझन, ताई. एवढाच. डिसेंबरात मायेला येणार आहे. पंधरा वर्षांची झाली पोरगी, बापाला मैदानात उभा असलेला तिनं एकदाही पाहिलेला नाही."

मायेला त्याची मुलगी. ती तिच्या आईबरोबर कोस्टा रिकात असते. मी पुढचं पान ओढलं. अंगणातल्या खुर्चीची करकर थांबली होती. मला वाटलं, आईला डुलकी लागली असेल.

एवारिस्तो पोतोय हे नाव आमच्या रिवास गावाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. तो रिलीफ पिचर. म्हणजे दुसऱ्याच्या घरची आग विझवायला धावणारा. सुरुवातीला चेंडू फेकणाऱ्या पिचरचा हात थकतो, तिन्ही बेसवर समोरच्यांचे गडी उभे राहतात, लोक त्याच्या सात पिढ्या उद्धरायला लागतात, आणि मग मैदानाच्या कोपऱ्यातल्या जाळीमागून हा बाहेर पडतो. धावत नाही. बाजाराला निघाल्यासारखा चालत येतो. लोक ओरडतात, "बंबवाला आला रे, बंबवाला!" कुणीतरी पत्र्याच्या डब्यावर चमचा बडवून बंबाची घंटा वाजवतं. सामना वाचला तर नाव सुरुवातीच्या पिचरचं होतं, गेला तर याचं. या धंद्यात माणसानं सोळा सीझन काढायचे म्हणजे एक तर तो संत असायला हवा, नाहीतर विसराळू. आमचा थोडा थोडा दोन्ही आहे.

त्याची शाळा म्हणजे केळीच्या बागा. बाबा तिथं तोडणीला जायचे. तोडून उरलेल्या खांबांवर हा कच्ची लिंबं मारायचा. नंतर तळ्याच्या काठी. आमच्या तळ्यावरचा वारा डोक्यावरची टोपी पार मधल्या बेटापर्यंत नेऊन सोडेल असा असतो. त्या वाऱ्यात सरळ फेकलेला दगड सरळ जात नाही, तेव्हा हा दगड असा सोडायला शिकला, की तो शेवटच्या क्षणी खाली बुडावा. तोच त्याचा चेंडू. बॅटवाला बॅट फिरवतो तेव्हा चेंडू त्याच्या गुडघ्याखाली गेलेला असतो. वेग फारसा कधीच नव्हता. पण त्या बुडणाऱ्या चेंडूवर मी भल्याभल्यांना जमिनीवरची मुंगी मारावी तशी बॅट आपटताना पाहिलं आहे.

ते दिवस आठवले की तोंडाला चिंचेच्या सरबताची चव येते. मी मोठी बरणी भरून न्यायचे आणि पहिल्या बेसच्या बाजूला, जिथं चारनंतर सावली येते, तिथं बसायचे. आई मैदानावर कधीच आली नाही. ती घरी रेडिओ लावून, मेरीमातेसमोर मेणबत्ती लावून बसायची. एवारिस्तो जाळीबाहेर पडला असं रेडिओवाला म्हणाला रे म्हणाला, की रेडिओ बंद आणि जपमाळ सुरू. मी घरी पोचले की पहिला प्रश्न, "संपलं?" जिंकलो की हरलो हे ती विचारायचीच नाही. संपलं म्हटलं की तिचा जीव भांड्यात पडायचा.

आता ते वयाचं सांगते.

आईला माझ्यानंतर सात वर्षांनी मुलगा झाला, सव्वीस ऑक्टोबरला. कॅलेंडरात तो संत एवारिस्तोचा दिवस, म्हणून नाव एवारिस्तो. बाबांनी स्वतः जाऊन सरकारी वहीत नोंदवलं आणि कागद आणला. बाळ गुटगुटीत होतं, कुणालाही पाहून हसायचं. चौदा महिन्यांचं झालं आणि तापानं फणफणलं. गडबडीचे दिवस होते, रस्त्यावर सैनिक, डॉक्टर गाव सोडून गेलेला. तिसऱ्या दिवशी बाळ गेलं. तारीख अठ्ठावीस डिसेंबर. हेरोद राजानं मारलेल्या बालकांचं स्मरण आपण करतो, तोच दिवस.

आमच्याकडे तान्हं मूल गेलं तर ते देवदूत झालं असं धरतात. त्याच्यासाठी रडायचं नसतं. आईची आसवं पडली तर पंख भिजतात आणि लेकराला उडता येत नाही. बाळाला पांढरा झगा घातला, पाठीला कागदाचे पंख लावले, गालांना लाली लावली. बाबांच्या ओळखीच्या नाताल्यो काकांनी शवपेटी केली आणि तेच रात्रभर गिटार वाजवत बसले. लोक गोड पाव खात होते, मक्याची दारू पीत होते. आमची आजी आईचा कोपर धरून उभी होती, आणि पुन्हापुन्हा तेच सांगत होती, "दोरोतेआ, डोळे कोरडे ठेव. पंख भिजतील पोराचे."

आईनं डोळे कोरडे ठेवले. पाव खा म्हटलं, तिनं पाव खाल्ला. मी आठ वर्षांची होते, तिच्याकडेच बघत होते. त्यानंतर वर्षानुवर्षं मी आईला रडताना पाहिलं नाही. पुढं बाबा गेले तेव्हासुद्धा नाही.

फादरनी बाळाला मूठमाती दिली. सरकारी कचेरीला मात्र कुलूप होतं. कुलूप निघालं तेव्हा बाबा म्हणाले, नोंद करून येतो. आई म्हणाली, "कसली नोंद?" बाबांनी पुन्हा विषय काढला नाही.

दोन वर्षांनी, नऊ मार्चला, दुसरा झाला. त्या दिवशी कॅलेंडरात संत फ्रान्सिस्का. आजी म्हणाली, फ्रान्सिस्को ठेवा. आईनं बाळाकडे बघितलं आणि म्हणाली, "याला नाव आहे." चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तेव्हा फादरनी भुवया उंचावल्या, पण नाव लिहिलं. म्हणून चर्चच्या वहीत दोन एवारिस्तो आहेत, आईबाप तेच, साडेतीन वर्षांच्या अंतरानं. सरकारी वहीत एकच. बाबा नोंदवायला निघाले तर आईनं पत्र्याच्या पेटीतून जुना कागद काढून दाखवला. "कशाला हेलपाटा? याचा कागद आहे की."

लोकांना वाटेल, बाई वेडी होती. आईइतकी शहाणी बाई आमच्या आळीत नव्हती. लोक तिला भांडणं सोडवायला बोलवायचे. फक्त या एका बाबतीत तिचं दार आतून बंद होतं.

मग गंमती सुरू झाल्या. सहाव्या वर्षी शाळेत घालायला नेलं, तर बाई कागद बघून म्हणाल्या, "नऊ वर्षांचा, आणि एवढासा? पोटात जंत आहेत याच्या." वर्षभर त्याला माशाचं तेल पाजलं. वाढदिवस सव्वीस ऑक्टोबरला व्हायचा. नऊ मार्चला मी त्याला गुपचूप एक उकडलेलं अंडं द्यायचे. त्याला वाटायचं, ताईला मार्चमध्ये प्रेमाचं भरतं येतं. दहा वर्षांचा झाला तेव्हा मी त्याला कोंबड्यांच्या खुराड्यामागं नेऊन सगळं सांगितलं. त्यानं अंडं संपवलं, हात पुसले, म्हणाला, "म्हणजे मी दोघांचं खातो." आणि खेळायला पळाला.

पावणेअठरा वर्षांचा असताना स्काउट आला. परदेशातल्या क्लबांसाठी पोरं हेरत गावोगाव हिंडणारा, गवताची हॅट घातलेला माणूस. त्या धंद्यात वय चोरणारे पैशाला पासरी. बावीसचा घोडा सोळाचा म्हणून उभा राहतो, धाकट्या चुलतभावाचा कागद खिशात घालून. वय वाढवून हिंडणारा सगळ्या देशात हा एकच असेल. स्काउटनं त्याला चाळीस चेंडू टाकायला लावले. हॅट काढून हातात घेतली. मग कागद मागितला.

"एकवीस?" तो म्हणाला. "अरेरे. आंबा झकास आहे पोरा, पण झाडावरच पिकला. आम्हाला कैऱ्या लागतात."

मी तिथंच उभी होते. मी म्हटलं, "थांबा हो, पाच मिनिटं थांबा," आणि घराकडे पळत सुटले. आई कपडे वाळत घालत होती.

"आई, चल. कचेरीत जाऊन एक वाक्य सांगायचं. चर्चच्या वहीत दोघं आहेत, फादर दाखला देतील. तू फक्त सांग की थोरला गेला."

आईनं हातातली चादर झटकली. "कुठं गेला?"

"आई, असं करू नकोस गं. याचं आयुष्य आहे!"

"माझ्या हातानं लिहून देऊ? माझ्या तोंडानं सांगू परक्या माणसाला, की तो नाही? मला नऊ महिने लागले त्याला आणायला, कांदिदा. आणि तू म्हणतेस, एका वाक्यात घालवून ये."

मागं वळले तर एवारिस्तो दारात. स्काउटही त्याच्या पाठोपाठ आलेला, घाम पुसत. त्यानं विचारलं, "काय, कागदात काही चूक आहे का?"

एवारिस्तोनं आईकडे पाहिलं. तिच्या हातातली चादर वाऱ्यानं फडफडत होती.

"नाही साहेब," तो म्हणाला. "कागद बरोबर आहे. एकवीस पूर्ण."

मी आईशी पंधरा दिवस बोलले नाही. फादरपुढं ते पाप कबूलही केलं. प्रायश्चित्त म्हणून तीन जपमाळा मिळाल्या, त्या केल्या, राग काही गेला नाही. एवारिस्तो मात्र संध्याकाळी नेहमीसारखा खुराड्याची जाळी दुरुस्त करत होता. मी म्हटलं, "वेडा आहेस का तू?" तर म्हणाला, "ताई, मी परदेशी गेलो असतो तर तिचा एक गेला असता. तसा कागद करून गेलो असतो तर दोघं गेले असते."

मग तो रिवासचा झाला. सोळा सीझन. संघानं दोनदा अंतिम सामना खेळला, दोन्ही वेळा हरला, आणि तरीही लोक त्या दोन वर्षांबद्दल लग्नाच्या वरातीसारखं बोलतात. मैदानावर त्याचं बरं चाललं होतं. बाहेर नाही.

योर्लेनी त्याची बायको, शिवणकाम करायची, हुशार आणि तोंडाची फटकळ. मायेला तीन वर्षांची असताना तिनं ठरवलं, कोस्टा रिकात, सान होसेला जायचं, तिथं काम आहे. हा म्हणाला, सीझन संपला की येतो. ती म्हणाली, "तुझा सीझन कधी संपणारच नाही, बंबवाल्या. लोकांच्या आगी विझवत बस." आणि बसमध्ये चढली. वाईट बाई नव्हती. मी तिच्यासाठी अजून प्रार्थना करते. हा दरवर्षी ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात सीमेपलीकडे जायचा, पिशवीत आईनं केलेलं चीज घेऊन, आणि पाच दिवसांनी परत येऊन दोन दिवस कुणाशी बोलायचा नाही.

त्यानंतर ते रेडिओचं प्रकरण. आठ वर्षांपूर्वी सामना झाल्यावर निवेदकानं विचारलं, "एवारिस्तो, बत्तिशीत हात इतका ताजा कसा काय?" हा हसत म्हणाला, "कारण हात अठ्ठावीसचा आहे." बास. दुसऱ्या दिवशी कुणीतरी तक्रार केली, की एक तर हा खोटं बोलतो, नाहीतर याचा कागद. चौकशी समितीनं बोलावलं. तीन माणसं टेबलामागं. खरं ते सांगायचं म्हटलं, तर आईला तिथं आणावं लागलं असतं. तो म्हणाला, "मस्करी केली." ते म्हणाले, ओळखपत्राचा विषय मस्करीचा नसतो, आणि एक सीझन बंदी घातली. ज्यानं कधी वय चोरलं नाही, त्याला वयासाठी शिक्षा झाली.

ते वर्ष मला आठवायला नको वाटतं. प्यायला लागला. केळीच्या ट्रकवर हमाली करायचा आणि ट्रकमध्येच झोपायचा. मी सकाळी कॉफी घेऊन बाजारात जायचे, तर बायका म्हणायच्या, "कांदिदाबाई, तुमचा बंब तिकडं गळतोय." मी हसून घ्यायचे आणि कोपऱ्यावर गेल्यावर एप्रननं डोळे पुसायचे. माझ्या रोजच्या हिशेबाच्या वहीत त्या वर्षी बऱ्याच दिवसांपुढं नुसतं 'ए. घरी नाही' एवढंच लिहिलेलं आहे. शेवटी ओक्तावियोच आला. तेव्हा तो कॅचर होता, एवारिस्तोचे चेंडू झेलायचा. ट्रकच्या फळीवर लाथ मारून म्हणाला, "ऊठ रे. बंब गंजलाय का बघायचंय." आणि त्याला तसाच, शर्टाला केळीचा चीक लागलेला, मैदानावर घेऊन गेला. त्या दिवसापासून दारू सुटली. नवस माझा होता, पण श्रेय ओक्तावियोच्या लाथेला द्यायला माझी हरकत नाही.

तर तो शनिवार. चौदा पुड्या आम्ही दोघांनी मिळून बांधल्या. तो गेला. आई संध्याकाळी आत आली ती सरळ झोपायला गेली. रविवारी चर्चहून आल्यावर तिनं नाकातामाल उघडला आणि तसाच ठेवला. मी म्हटलं, "मीठ कमी झालं का?" ती म्हणाली, "नाही."

सोमवारी सकाळी सातला बघते, तर आई ईस्टरचा निळा झगा घालून, केस विंचरून दारात उभी. शहात्तर वर्षांची बाई, हातात पत्र्याची पेटी.

"कांदिदा, नाताल्यो जिवंत आहे का गं?"

"आहे की. गुडघे गेलेत फक्त. का?"

"बाळाची पेटी त्यानं केली होती. साक्षीला लागेल."

माझ्या हातातला झाडू खाली पडला. "आई, तू ऐकलंस होय परवा?"

"कानानं बहिरी आहे असं मी कधी म्हटलं?" ती म्हणाली. "चाळीस. माझ्यामुळं पोरगा चाळीसचा. चल, चपला घाल."

एवारिस्तोला मी शेजारच्या फोनवरून बोलावलं. फादरांकडून दोन्ही बाप्तिस्म्यांचे दाखले घेतले. नाताल्यो काकांना सायकल रिक्षात बसवलं. ते वाटेत म्हणाले, "दोरोतेआ, इतक्या वर्षांनी माझ्याबरोबर फिरायला निघालीस, तीही कचेरीत?" आई म्हणाली, "गप्प बसा. खोटं बोललात तर नरकात जाल." "खरं बोललो तरी जाणारच आहे," काका म्हणाले.

कचेरीतली कारकून मुलगी तरुण होती, नखं रंगवलेली, स्वभावानं गरीब.

"मयताचं नाव?"

"एवारिस्तो पोतोय," आई म्हणाली.

मुलीनं पुढ्यातला कागद पाहिला, मग दारात उभ्या असलेल्या एवारिस्तोकडे. ती सामने बघत असावी. "पण आजी, हे तर इथं उभे आहेत."

"हा नाही. हा एवारिस्तो. मी त्या एवारिस्तोबद्दल बोलतेय."

"मला काही कळेना, आजी."

"मलाही कळत नव्हतं," आई म्हणाली. "तू लिही."

मी दाखले पुढं केले. मुलीनं ते दोनदा वाचले. हळू आवाजात विचारलं, "तारीख आठवते?"

"अठ्ठावीस डिसेंबर. सकाळी सव्वादहा. मी तांदूळ निवडत होते. मांडीवर होता. एकदा हसला, मग नाही हसला."

"म्हणजे तेव्हा तो..."

"मेला," आई म्हणाली.

तो शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. पत्र्याची पेटी टेबलावर ठेवली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले आणि आई रडायला लागली. तोंड वर करून, लहान पोरांसारखी, आवाज काढून. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. कारकून मुलगी घाबरली, कागदी रुमाल काढून म्हणाली, "रडू नका ना, आजी. नका ना रडू."

नाताल्यो काकांनी काठी जमिनीवर आपटली. "रडू द्या तिला! अडतीस वर्षं थांबलीय."

एवारिस्तो पुढं आला आणि आईच्या खुर्चीशेजारी खाली बसला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग नाक पुसून मुलीला म्हणाली, "आता याचं लिही. नऊ मार्च. संत फ्रान्सिस्काचा दिवस. पहाटे. हा जन्मल्याबरोबर शिंकला होता, तेही लिहायचं असेल तर लिही."

कागद कचेरीतून न्यायाधीशांकडे, तिथून परत कचेरीत असा फिरला. गेल्या गुरुवारी हातात आला. एवारिस्तो पोतोय, वय छत्तीस. एवारिस्तोनं तो ओक्तावियोपुढं टाकला. मी डबा द्यायला गेले होते, म्हणून कानांनी ऐकलं.

ओक्तावियोनं चष्मा लावला. "कागद छत्तीस म्हणतो. खांदा काय म्हणतो?"

"खांद्याला वाचता येत नाही."

"मस्करी पुरे. एकदा मस्करीनं वर्ष घालवलंयस. सोमवारी दुपारी चारला ये, चाचणी आहे. तीस चेंडू. चांगले पडले तर करार."

पण सोमवारी दुपारी चारला आमच्याकडे वेगळंच ठरलं होतं. कचेरीतून आल्यावर आईनं फादरना सांगितलं, मयतासाठी करतात ती नऊ दिवसांची प्रार्थना मला माझ्या थोरल्यासाठी करायचीय. फादर म्हणाले, "बाप्तिस्मा झालेलं तान्हं बाळ सरळ स्वर्गात जातं, दोरोतेआबाई. त्याला प्रार्थनेची गरज नसते." धर्माच्या दृष्टीनं ते अगदी बरोबर आहे, मीही लहानपणापासून तेच शिकले. आई म्हणाली, "त्याला नसेल. मला आहे." फादर म्हणाले, "कागद आला की पुढच्या सोमवारी चारला सुरू करू."

एवारिस्तो ओक्तावियोला म्हणाला, "मी मंगळवारी सकाळी येतो."

"सोमवारी तिघं येणार आहेत. दोघं पंचवीसच्या आतले. त्यांतला एखादा आवडला, तर मंगळवारी मी कुणाला घेणार?"

"घे त्यांना आधी."

"अरे, तुझा शेवटचा सीझन आहे हा! पोरगी येणार म्हणून तूच माझ्या मागं लागला होतास ना?"

"हो." त्याचा चेहरा मी बघितला. त्याला तो सीझन किती हवा होता, ते मला ठाऊक आहे. "पण सोमवारी भावाचं आहे. आणि ओक्तावियो, मी आयुष्यभर तिघांच्या नंतरच मैदानात आलोय. मंगळवारी बघ माझे तीस."

ओक्तावियो त्याला काहीतरी अस्सल शिवी देणार होता, पण मी होते म्हणून त्यानं ती गिळली. म्हणाला, "सकाळी सातला. एक मिनिट उशीर नको." पुढं काय होणार ते मला माहीत नाही. मी मेरीमातेला सांगून ठेवलं आहे, पण त्या तिघांच्या आयाही तिलाच सांगत असणार.

आज सोमवार. अंगण झाडून झालंय. आई निळा झगा घालून सकाळपासूनच बसलीय, आणि मधूनच रडते, आणि रडून झालं की पाणी मागते. शेजारणी विचारतात, एवढ्या लहान बाळाची प्रार्थना? मी म्हणते, या चारला.

एवारिस्तोनं सायकल बाहेर काढलीय. त्याला बेकरीतून साठ गोड पाव आणायचेत, आणि तिथूनच पुढं जाऊन नाताल्यो काकांनाही घेऊन यायचंय.